तपासनीस

खालच्या मजल्यावरच्या फिलोमिना पाटोळेंना
मावशीचं पत्र येतं, स्पेनहून, वर्षातून एकदा.
पत्र त्यांनी ठेवलं, पाकीट आप्पांना आणून दिलं.
"तुम्ही प्रेसवाले ना. बघा, आमच्या मावशीचा मठ."

आप्पांनी पाकीट आधी उजेडाला धरलं,
मग कानाशी नेऊन कागदाला टिचकी मारली,
मग ट्रंकेतून भिंग निघालं.

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पुंजाराम गायधनी चुका शोधत होते.
फिकी, तिरकी, शाई सांडलेली,
भोकांची रांग केसभर सरकलेली.
चांगलं तिकीट त्यांना दिसायचंच नाही,
ते नुसतं डोळ्यांखालून जायचं.
भोंगा झाला की गेटवर हात वर,
खिसे उलटे, डबा उघडा.
अख्ख्या देशाची पत्रं त्यांच्या नजरेखालून निघाली,
आमच्या घरात कधी
एक सुटं तिकीट सापडलं नाही.
मामाला पत्र टाकायचं तर
मी बिटकोजवळच्या पोस्टात, रांगेत.

आता समोर अंगठ्याएवढा मठ.
विटकरी रंगात सात कमानी,
अंगणात आड, आडाला रहाट नाही,
वरच्या खिडकीला जाळी.
"हे हातानं कोरलंय," आप्पा म्हणाले,
"मशीनला एवढा धीर नसतो."

फिलोमिनाताई सांगत होत्या,
तिथे दाराशी भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट आहे.
बाहेरच्यानं टोपली ठेवायची, आतून कुणीतरी फिरवतं.
हात दिसत नाही.
बेचाळीस वर्षं तो हात मावशीचा आहे.
आप्पांनी भिंग खाली ठेवलं.
"जाता-येता झडती?"
"जायचंय कुठे, भाऊ?"

शिक्क्याच्या नागमोडी रेघा
डावीकडच्या तीन कमानींवर चढल्या होत्या.
"दुतोंड्याच्या कमरेला लागलं की," आप्पा म्हणाले,
आणि खरंच मला पाणी दिसलं,
गढूळ, भांडीबाजाराकडे सरकणारं,
आणि सातव्या कमानीत अजून कोरडं.

खालच्या कडेला एक दात नव्हता.
तो मी त्यांच्या आधी पाहिला.
बोलले नाही.
थोड्या वेळानं त्यांचं नख तिथे आलं आणि थांबलं.
तिकडेही कुणी असेल, तावांच्या थप्पीपुढे,
दुपारी डोळा लागलेला,
किंवा घरी मूल तापानं फणफणलेलं.
आप्पांच्या खिशात लाल पेन्सिल अजून असते.
ती त्यांनी काढली,
टोक बघितलं,
परत ठेवली.

"भिजवून काढून घ्या, राहू द्या तुम्हाला."
"पत्र पोचलं ना?"
"पोचलं की."
"मग तिकीट चांगलंय."

पाकीट परत द्यायला ते स्वतः खाली गेले.
जिन्यातला बल्ब गेलेला, म्हणून मी मागे बॅटरी घेऊन.
फिलोमिनाताईंनी दार उघडलं, पाकीट घेतलं,
आणि आप्पांनी, तिथेच उंबऱ्यावर,
दोन्ही हात वर केले.