सतरा नंबरचा माड

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी
तीनशे बारा टाचण्या मोजल्या.
डांबरगोळ्यांचा वास बोटांना,
मग भाकरीला, मग उशीला.
केळुसकर सर म्हणाले, पंख सरळ ठेव,
लोक पंख बघायला येतात.

लोक आले.
वेंगुर्ल्याच्या तीन शाळा, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून.
काजूच्या कारखान्यातल्या बायका,
चिकाने काळी पडलेली बोटं काचेवर टेकवत.
एक नवराबायको, जे फक्त पंख्याखाली उभे राहिले.
"गे, ह्यां तर आमच्या न्हाणीत आसता!"
झुरळाच्या पेटीशी कुणीतरी ओरडलं
आणि दिवसभर सगळ्यात जास्त गर्दी तिथेच.
निळ्या फुलपाखराला तेवढी ओळख मिळाली नाही.

दुपारी इनास आला.
कोयता वॉचमनकडे ठेवून, कमरेची आकडी तशीच,
घोट्यांवर दोराचे जुने वळ.
चाळीस वर्षं माडावर चढणारा माणूस
जमिनीवर जरा तिरका चालतो.
सोंड्या भुंग्यापाशी थांबला,
अक्षर अक्षर लावत लेबल वाचलं:
नाव, गाव, तारीख, संकलक,
पद्धत: कामगंध सापळा.
मग वाकून
काचेला कान लावला.

पोरं हसली. मीही, थोडी.
"हेचो आवाज खय?"
मेलेला आहे, काका.
"ता माका दिसता. पण मग वळखूचो कसो?"
तांबूस पाठ, लांब सोंड, मी पाठ केलेलं म्हणू लागले.
"सोंड दिसता तवसर माड गेलेलो आसता, बाय."

आणि तो बाहेर पडला.
दारातल्या सतरा नंबरच्या माडाला
आमच्या फलकाची दोरी बांधलेली,
'कीटकांचे अद्भुत जग'.
इनासने छातीएवढ्या उंचीवर कान टेकला,
मग वीतभर वर,
डोळे मिटून,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा.
"आत पंगत बसली हा," म्हणाला.

आमचा माड. पत्र्याचा नंबर ठोकलेला.
सहा वर्षांचं उत्पन्न माझ्या वहीत,
गेल्या महिन्यात एकतीस नारळ
आणि शेरा, माझ्याच अक्षरात: निरोगी.

पोरांनी पुन्हा रांग लावली, यावेळी न सांगता.
काजूच्या बायकांनी पदर मागे सारून ऐकलं.
समुद्र मधेमधे आडवा येत होता,
दोन लाटांमधल्या फटीत ऐकावं लागे:
पलीकडच्या खोलीत कुणी
ओला ऊस चावतंय, सावकाश,
उठायची घाई नाही.
शेवटी सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला
आणि गाल सालीला लावला.
आत हॉलमध्ये पंखा फिरत होता
तीनशे बारा जणांवर.

माड वाचला नाही.
चिरल्यावर त्रेचाळीस अळ्या निघाल्या,
अंगठ्याएवढ्या, बिनपायाच्या, मऊ.
त्यांना टाचणी चालत नाही.
एक स्पिरिटच्या बाटलीत घातली,
लेबल शिसपेन्सिलने, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते.
संकलक: इनास फर्नांडिस.
पद्धतपुढे जरा थांबले,
मग लिहिलं: कान.

सरांनी बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ वाचलं,
शुद्धलेखनाची चूक काही सापडली नाही,
तेव्हा वहीत सही केली.

इनासला सांगायचं राहिलंय.
तो शिरोड्याकडे गेलाय म्हणतात,
कुणाच्या तरी बागेत,
आणि फोन उचलत नाही वर असताना.