शून्याचा रकाना

वहीत रकाने तस्नीम बागवाननं आखून दिले.
तारीख, वेळ, वारा कुठून,
गवत घोट्याएवढं की गुडघ्याएवढं,
आणि शेवटी : माळढोक किती.

चाळीस दिवस तो शेवटचा रकाना मी कोरा ठेवला.
दिसलाच नाही, तर लिहायचं काय?
ती सोलापूरहून स्कूटीवर आली,
हेल्मेट न काढताच वही उघडली,
म्हणाली, रेवणप्पा,
कोरं म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.
शून्य म्हणजे गेलात, बसलात, पाहिलंत, आणि नव्हता.
मी पेन काढलं मागची सगळी भरायला.
तिनं वही मिटली.
आठवणीतनं भरू नका. आजपासून.

आज्जा त्याला हूम म्हणायचा.
मेंढरं घेऊन नान्नजच्या माळावर निघाला
की नर छाती फुगवून घुमायचा,
रिकाम्या घागरीत कुणी बोलावं तसा,
आणि कुत्री कान टवकारायची.
किती होते तेव्हा? तिनं विचारलं.
लई होते.
लई म्हणजे?
मी हात पसरले, माळ दाखवला.
तिनं लिहून घेतलं, आणि पुढं कंसात : आकडा नाही.
आमच्याकडं होते तेव्हा कुणी मोजले नाहीत
आणि मोजायला शिकलो
तोवर एका हाताची बोटं पुरायला लागली.

मग झाडांचं निघालं.
ही गिरिपुष्पाची रांग माझ्या हातची.
रोजंदारीवर लागलो त्या वर्षी खड्डे खणले,
मुरमाला पहार लागली की ठिणगी उडायची.
दोन उन्हाळे खांद्यावरनं पाणी घातलं.
उघडा माळ म्हणजे उजाड माळ, साहेब म्हणाले,
आम्हालाही तसंच वाटलं.
ती टेप घेऊन फिरली महिनोन् महिने,
पीस सापडलं, विष्ठा सापडली, पायाचा ठसा,
तिथनं सगळ्यात जवळचं झाड किती मीटर.
शेवटी कागद माझ्यापुढं धरला.
ठिपके सगळे एका बाजूला,
माझी झाडं दुसऱ्या बाजूला.
ह्या पक्ष्याला झाड म्हणजे
आडोशाला कुणीतरी दबा धरून बसलेलं.

मी भांडलो. खोटं कशाला सांगू.
सावलीत जेवतो आम्ही, म्हटलं, बायामाणसं टेकतात.
ती म्हणाली, तुमचं बरोबर असेल, तपासून बघू.
निम्मी रांग ठेवली, निम्मी काढली.
कुऱ्हाड मीच मागून घेतली,
दुसऱ्यानं घातलेला घाव बघवला नसता.
पारावर म्हमाणेंचा कल्लाप्पा हसला :
आता झाडं तोडायचा बी पगार सुरू झाला का रं?

तीन पावसाळे.
काढल्या बाजूला कुसळी आली, पवन्या आलं,
गवतात नाकतोडे, नाकतोड्यांमागं धाविक,
खोकडानं बीळ केलं, चंडोल वर चढून चढून गायला.
त्या सगळ्यांचे रकाने भरत गेले.
माळढोकाचा तसाच : शून्य, शून्य, शून्य,
आता मला नीट काढता येतं, गोल, तोंड मिटलेलं.

काल सव्वासहाला
पाणवठ्याच्या पल्याड, विजेच्या तारांच्या बरंच अलीकडं
गवतात एक उभी मान.
पांढरी. वर काळी टोपी असावी.
दुर्बिणीची काच पुसेपर्यंत
तिथं नुसतं गवत.
हात एक लिहायला गेला होता.
वीस वर्षांत इतका थरथरला नव्हता.
मी प्रश्नचिन्ह काढलं.

रात्री फोन केला. ती ओरडली नाही, हसली नाही.
अंतर किती? उजेड कुठल्या बाजूनं?
बगळा नव्हता कशावरनं? करकोचा?
अर्धा तास माझी उलटतपासणी.
विश्वास ठेवला नाही तिनं.
आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं,
उद्या दिसला तर तो असा चाळून निघालेला दिसेल.

पहाटे चारला येते म्हणाली.
घरच्यांनी दोघांपुरत्या भाकरी बांधल्यात, शेंगांची चटणी.
पेन्सिलला टोक केलंय.