मुकं बटण

टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट केली मी,
सोलापुरात, अक्कलकोट रोडला, मे महिन्यात,
कूलरमध्ये पाणी ओतत ओतत.
सायीच्या रंगाचं पान,
त्यावर राखाडी अक्षरं, मुंगीच्या पायांइतकी बारीक.
मालक म्हणाले, परदेशी वाटतंय.
मलाही तेव्हा ते फार आवडलं होतं.

मग नरसिंग कोडम आले.
वीस वर्षं जकार्डच्या मागावर,
डोळे गेले त्याला आता अकरा.
तरी साखर पेठेतून एकटे येतात,
रिक्षावाल्याला वळणं सांगत.
खुर्चीत टेकले, चहा नको म्हणाले,
फोन काढून कानाला लावला.
फोन बोलू लागला, इतक्या वेगानं
की मला वाटलं त्यांच्या घरातली तेलुगू असेल.
मराठीच होतं.

चित्र. चित्र. लिंक. चित्र.
आयएमजी दोन शून्य चार सात.
बटण.
बटण.
बटण.

"म्याडम, दुकानात गेलो
आन् दुकानदार नुसता बोट दाखवतोय,
असं झालं की वो हे."

मी बजेट सांगू लागले, मुदत,
पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले.
खाली माग चालू होते. त्यांनी मान कलती केली.
"तिसऱ्या मागाचा धागा तुटतोय," म्हणाले,
आणि माझं वाक्य संपायच्या आत
तो माग थांबला.

गोदामात त्यांनीच नेलं मला.
पुठ्ठ्याची जुनी कार्डं, भोकाभोकांची,
दोरीत ओवलेली, धुळीनं जड झालेली.
एक माळ मांडीवर ओढून बोटांनी वाचली:
"हा पिसारा. ही मान.
हितं एक भोक राहिलंय बगा,
शंभर चादरींत मोर काणा निघाला.
पगार माझा कापला.
भोक पाडणारा दुसराच होता."

त्या रात्री मी स्क्रीन काळी केली,
माऊस ड्रॉवरमध्ये कोंडला.
माझ्याच पानावर टॅब, टॅब, टॅब,
घर आपलं, पण सामान कुणी हलवलं?
मीच.
एका खिडकीत शिरले, ती बाहेर सोडेना.
दहा टक्के सूट, दहा टक्के सूट,
सुटायचं बटण मात्र बिननावाचं.

मग लिहायला बसले. पहिल्या चित्राला
लिहिलं: लाल टॉवेल, मऊ.
अण्णांना फोनवर वाचून दाखवलं.
"मऊ तर समदेच लिवतात.
वजन किती? काठ दुमडलेला का नुसता कापलेला?
आन् लाल कुठला?
अडतीस वर्षं बघितलाय मी लाल.
कुंकवाचा, का विटेचा,
का हौदातला, पहिल्या दिवशीचा?"

मी जिना उतरून रंगखात्यात गेले, बघायला.
इतके दिवस फोटोवरून लाल ठरवत होते.
हौदाची वाफ तोंडावर घेत उभी राहिले बराच वेळ,
रंगारी विचारू लागला, काय हरवलंय का ताई.
वर येऊन लिहिलं:
शेंगाचटणीला तेल सुटल्यावर येतो तसा लाल,
वजन चारशे ग्रॅम, काठ दुहेरी दुमडलेला,
एका कोपऱ्यात विणलेलं कमळ, बोटाला लागतं.

अक्षरं काळी केली. मोठी केली.
मालकांनी नाक मुरडलं,
मग चष्मा न शोधता सगळे भाव वाचले
आणि त्यावर काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात अण्णांनी मागणी नोंदवली,
दोन टॉवेल, नातीच्या बारशाला.
पैसे भरताना वेळ दोनदा संपली,
ओटीपी ऐकून होईस्तोवर.
वेळ वाढवली. तिसऱ्यांदा जमलं.

काल त्यांचा फोन आला.
मला वाटलं, शाबासकी.

"पोचले वो टॉवेल. काठ बरा हाय, कमळ लागलं हाताला.
पन मागणी रद्द करायचं बटण
अजून मुकंच हाय की.
घ्यायचं तेवढं बोलतंय."