बारदान

वाशी, सेक्टर सतरा. एसीतसुद्धा
बाबांच्या शर्टाला कांद्याचा वास.
हुजैफा नावाचा सेल्समन सांगतोय,
सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ताई, रेंडर सर्रकन निघेल.
मी माझी इमारत पडद्यावर फिरवून बघते.
काचांवरून ऊन सरकतं, कुठे अडखळत नाही.
घरच्या पीसीवर एवढ्याला
कुकरच्या चार शिट्ट्या होतात.

"वजन?"
"दोन किलो तीनशे, अंकल."
बाबा तळहातावर घेतात, डोळे मिटतात.
आधी पाठीवर पोती, मग काट्यावर मापाडी,
सगळी मिळून एकतीस वर्षं मार्केटात.
"बरोबर. आता बारदान ठेव."
हुजैफा माझ्याकडे बघतो.
"चार्जर म्हणतायत."

विटेएवढा चार्जर. हात किंचित खाली जातो.
"तीनला शंभर कमी. वर हिचा डबा, पाणी,
ते नकाशांचं नळकांडं. दुसरं दाखवा."

दुसरं पातळ, वहीसारखं.
त्यात माझी इमारत एकेक खिडकी करत उगवते
आणि तिसऱ्या मजल्यावर पंखा कण्हायला लागतो.
मी काही बोलत नाही.
बाबांनी ऐकलेलं असतं.

तिसरं किलो सातशे, बारदानासकट दोन.
कार्ड तेच. किंमत अकरा हजारांनी जास्त.
ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतात,
पुन्हा पहिल्यापासून मोजतात.
मागच्या आरशात मला दिसतं,
त्यांचा उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली आहे.

"हे बांधा."

बिल होईपर्यंत ते खुर्चीवर बसून
माझ्या सॅकचे दोन्ही पट्टे
सारखे करत राहतात.