सोबत : बांबू, एक नग

दर जानेवारीत वांद्र्याच्या या टेबलावर
एक अर्ज येतो मनोरीहून.
आखीव कागद, निळी शाई, खाली सही
बस्त्याव घोन्साल्विस, राहणार पाखाडी.
विषय : तळ्यातला गाळ काढणेबाबत.

मी आवक-जावकला आले तेव्हा
त्याचं वय एकसष्ट होतं आणि तळं अकरा विती.
सरकारी मापात वीत बसत नाही,
साहेबांनी समासात लिहिलं, 'खुलासा व्हावा'.
खुलासा आला.
कागदावर पंजा ताणून पेन्सिलीनं गिरवलेला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
नस्तीत अजून आहे.

पुढं दहा. मग साडेआठ.
एका वर्षी नुसतंच 'कमी'.
त्या साली त्याची बायको गेली होती.
अर्ज मृत्यूदाखल्याच्या झेरॉक्सवर होता,
पाठकोऱ्या बाजूला.

सातबारा मागवला तर तळं सापडेना.
तलाठी म्हणाला, आहे की, पोटखराबा म्हणून लागलंय.
ज्यात काही पिकत नाही, तो पोटखराबा.
भोवतीच्या बावीस विहिरी त्याच्यावर जगतात,
आणि कागदोपत्री त्याचं पोट खराब.
पोटखराब्याला लेखाशीर्ष नसतं.

जिल्हा म्हणाला, महापालिकेचं.
महापालिका म्हणाली, आम्ही नळ दिलाय,
आता तळ्याचं काय काम?
जलसंधारणवाले हसलेच, मुंबईत?
तीन खात्यांच्या मधे कुठंतरी पाणी मुरत होतं,
आणि तिकडं विहिरींचा दोर
दर उन्हाळ्यात वावभर लांब होत होता.

मग एका मार्चमध्ये पैसे आले.
एकोणतीस तारखेला, सुशोभीकरणाखाली,
एकतीसला संपवायचे, नाहीतर परत.
दोन दिवसांत गाळ निघत नाही.
कठडा होतो. चार बाक.
कारंज्याचा चौथरा, कारंजं पुढच्या टप्प्यात.
आणि पाटी : 'पाणी खोल आहे. उतरू नये.'
पूर्तता अहवालाला जोडलेल्या फोटोत
पाटीच्या बाजूला बस्त्याव आहे,
विजार दुमडून, पाण्यात. गुडघ्याएवढं.
मी भिंग लावून पाहिलं.
हसत असेल असं वाटलं होतं.
मोजत होता.

या वर्षी जानेवारी कोरा गेला.
फेब्रुवारीत त्याची नात आली, रेजिना,
खांद्यावर नऊ हात लांब काहीतरी.
गेटवर शिपायानं अडवलं,
तर तिनं अर्जाची शेवटची ओळ दाखवली :
सोबत : बांबू, एक नग.

बांबूवर खाचा. प्रत्येक खाचेपाशी साल.
माझ्या नोंदवहीत नसलेली सालंसुद्धा,
जुन्या वळणाच्या आकड्यांत, त्याच्या बापाच्या हातची.
सगळ्यात वरची वाचायला
मला खुर्चीवर चढावं लागलं.
म्हणजे माझ्या डोक्यावरून होतं पाणी.
बुडाला हातभर गाळ, वाळून फुटलेला.
'आता बोटांनी मोजता येतं,' रेजिना म्हणाली,
'बांबू घरात अडतो. आजोबा म्हणाले,
ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे ठेव.'

जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का पडलाच पाहिजे.
गोल लाकडावर तो कसा मारायचा
हे प्रशिक्षणात नव्हतं.
मी शिक्का घट्ट धरला, तिनं बांबू हळूहळू फिरवला,
'प्राप्त' उमटलं, जोडाक्षर जरा पुसट.
'पोच द्या,' म्हणाली.
दिली.

कपाटात मावत नाही. नस्तीत तर नाहीच.
खिडकीपाशी कोपऱ्यात उभा असतो,
सगळ्यात खालच्या खाचेला कुणीतरी
जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवतं.
नवे साहेब आले, हे काय म्हणाले.
तळं आहे, म्हटलं.
कोणत्या शीर्षाखाली?

शेवंता रोज कुरकुरते, झाडलं तरी
त्या कोपऱ्यात माती पडते.
किती पडते?
चिमूटभर.
शेऱ्याचा रकाना रिकामाच होता.
तारीख घातली आणि लिहिलं :
गाळ, चिमूटभर, काढला.