सुटे पैसे

क्लायपेदात वारा बंदरावरून सरळ दुकानात शिरतो,
दार उघडलं की गिऱ्हाइकाआधी तोच.
त्या हिवाळ्यात त्याच्या मागोमाग स्काइस्ते यायची.
पिवळी लोकरी टोपी, मोजून आणलेले सुटे पैसे,
आणि एकच मागणी: जुलाबाच्या गोळ्या,
आजीसाठी.

मी विकल्या.
त्यांना चिठ्ठी लागत नाही.
चौथ्या खेपेला विचारलं, आजी कशी आहे?
"बरी आहे," म्हणाली, आणि बोटं बाहीत ओढून घेतली.
नखं निळसर होती.
मी ती थंडीच्या खात्यात टाकली.

मग दाने नदीपलीकडच्या औषधालयातली अल्डोना
फोनवर सहज बोलून गेली,
पिवळ्या टोपीची एक मुलगी दर मंगळवारी येते गं,
आजीचं फार करते.
माझ्याकडे ती गुरुवारी यायची.
पुढच्या गुरुवारी मी "नाही" तोंडात धरून उभी राहिले
संध्याकाळी शटर ओढेपर्यंत.
ती आली नाही.
त्यानंतरच्या गुरुवारीही नाही.

जूनमध्ये आली, वडिलांबरोबर.
ते फेरीबोटीवर दोर बांधायच्या कामाला,
पण इथं दारातच थांबले,
हातांचं काय करावं ते न कळून.
चिठ्ठी इस्पितळाची होती.
पाण्यात विरघळणारी पांढरी पावडर, रोज एक पुडी.
जेवणाआधी एक इवलीशी गोळी, थोडेच दिवस.
खाली डॉक्टरीणबाईंची ओळ:
हृदयाचा आलेख बघून मगच पुढे.

"चार चमचे बिटाचं सूप घेतलं
की गळ्यापर्यंत भरते मी," ती खालच्या आवाजात म्हणाली.
"दुपारचं रात्रीपर्यंत बसून राहतं,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
पोटाचा ढोल होतो.
वॉर्डातल्या मुली म्हणतात, हे आजाराचं बोलणं.
खरं सांगा, माझं पोट खोटं बोलतंय?"

नाही, मी म्हटलं.
उपाशी शरीर दंडाचं मांस खातं
तसं जठराचंही बळ खातं.
महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेला माणूस
भिंत धरून चालतो ना, तसं चाललंय ते.
फुगतं ते खरं. दुखतं ते खरं.
त्यावरून तू स्वतःबद्दल जे ठरवतेस
तेवढंच खोटं.

"मग जोराचं द्या. ते जुनं."

नाही.

केवढासा शब्द,
आणि हिवाळाभर जिभेवर चढला नव्हता.
त्या गोळ्या आतड्याला चाबूक मारतात, म्हटलं,
घोडा पळतो थोडा वेळ,
मग चाबकाचीच वाट बघत उभा राहतो.
ही पावडर नुसती पाणी धरून ठेवते.
ही गोळी नुसतं दार लोटते.
आत जायचं ते घासालाच.

"म्हणजे पुन्हा जेवणच," ती वैतागली.
"सगळे तेच सांगता."
हो. काय करू, मला तेवढंच पाठ आहे.

पुड्या मोजताना माझी मोजणी चुकली.
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मधेच म्हणाले,
तेव्हा मी नीट विचारायला हवं होतं.
"मी खोटंच सांगितलं असतं," ती म्हणाली.
तिचे वडील पाठमोरे होऊन
गेलेल्या बोटीकडे बघत राहिले.

ऑगस्टच्या शेवटी एकटीच आली,
ओठांना लावायचं मलम घ्यायला.
पिशवीत हात घालून चाचपताना
अचानक ढेकर आला तिला,
चांगला मोठा, शेपूच्या वासाचा.
तिनं तोंडावर हात दाबला. कानापर्यंत लाल.
मागचा म्हातारा उगाच खाकरला.
सरकतंय की खाली, मी म्हटलं.

ती हसली नाही.
काउंटरवर नाणी ओतली, मूठभर, वाळू लागलेली,
आणि मलमाच्या किमतीत तीन सेंट कमी भरले.
या खेपेला मोजून आणले नव्हते.