हरिपूर रस्ता, तिसरी लेव्हल

मगदूमांच्या पार्लरमध्ये रुपयाला दहा मिनिटं.
घड्याळ भूपालअण्णांच्या मनगटावर, आणि ते जरा पुढंच.
म्हणून आम्हीही पुढंच पळायचो,
छत्रीवाल्या बुटक्याला उजवीकडे, सारखं उजवीकडे रेटत.
डावीकडे वळायची सोय नव्हती त्या खेळात,
सरकलेला पडदा परत येत नसे.

कॅसेट अडली की काढून फुंकायची.
सांगलीत फुंकर मारली की पिवळं उडतं:
मार्केट यार्डातली हळद,
पितळी दातांच्या फटीत जाऊन बसलेली.
संध्याकाळी व्होल्टेज पडलं की
बुटक्याचं डोकं पायाशी, छत्री एकटी आभाळात,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं,
आलं बघ, अंगात आलं ह्याच्या!

राजमतीला रुपया लागत नव्हता.
अण्णांची लेक.
शटर अर्धं खाली आलं, केर काढून झाला
की ती हातात रिमोट घेऊन बसायची,
आणि तिला कुठंच पोचायचं नसायचं.
भिंतींना धडकत राहायची नुसती.
बाजारात बाया मडकं वाजवून बघतात
तशी एकेक वीट. तोंडानं, पाठीनं, खाली वाकून.

तिच्याकडून कळलं:
जीव शंभर झाले की आकडे संपतात,
मग यंत्र शेजारी हाताला लागेल ते चित्र उचलतं,
म्हणून शंभराच्या जागी अर्धा पतंग.
सापाचं पोट आणि किल्ल्याची वीट एकच,
रंग तेवढा पालटलेला.
दोनशे छपन्नावा जीव घेऊ नको, म्हणाली,
हाव केलीस की खातं शून्यावर,
आणि तू उभ्या उभ्या मेलास.

आणि तिसऱ्या लेव्हलची ती भिंत.
पाठ टेकून थांबायचं. छत्री मिटायची.
मिटता मिटता उडी.
बुटका विटेत शिरला, कमरेपर्यंत, मग सगळाच.
पलीकडे पाणी.
वैरी नाही, नाणं नाही, वेळेचा आकडा थिजलेला.
तो बुडत नव्हता. पोचतही नव्हता.
आम्ही चौघं श्वास धरून,
आणि अण्णांनी मेन बंद केला.

दोन हजार पाचला कृष्णा शटरच्या वर गेली.
हरिपुरातली हळदीची पेवंही तेव्हाच भरली पाण्यानं.
गाळ उपसताना कॅसेटचा डबा कुठं गेला
कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं का ते?

परवा तोच खेळ, कुणीतरी उतरवून ठेवलेला,
संगणकावर हाती लागला. चालवला नाही. उघडला.
पेव उघडलं की आधी कंदील सोडतात,
विझला तर माणूस उतरत नाही.
मीही बराच वेळ काठावरच.
मग चौकटींमागून चौकटी,
खेळात कुठंच न आलेलं:
एक दार.
तीन सुरांची धून, चौथा लिहायचा राहिलेला.
बुटका बसलाय, छत्री मांडीवर
(अख्ख्या खेळात तो कधी बसत नाही).
आणि होडी. सोळा चौकटींची. वल्ह्यासकट.

राजमती आता इचलकरंजीत, सुताचा हिशेब बघते.
फोनमध्ये माग खडखडत होते.
होडी होती गं, मी म्हणालो, पहिल्यापासून आतच होती.
काढायची विसरले, का मुद्दाम ठेवली, कळत नाही.

ती बाहेर आली असावी, खडखड कमी झाली.
"बसलेलं चित्र पण आहे म्हणतोस?
मग झालं की.
एवढं पाणी कोण उगाच काढून ठेवतंय?"

आणि मग, अगदी पूर्वीच्या आवाजात,
"दाराला कडी कुठल्या अंगाला आहे?"

मी बघितलंच नव्हतं.

"फोन ठेवू नको," म्हणाली. "बघून सांग."